गोपनीय म्हणजे कोणी राखायचे?

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयाचे संमतीपत्र मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. चार पानांचा मजकूर होता. त्यातली तीन पाने रक्ताचे नमुने, तपासण्या आणि प्रवासखर्च यांतच संपली होती, आणि चौथ्या पानावर रुग्णाची माहिती कोणाला सांगितली जाणार नाही अशा अर्थाचे एक वाक्य होते. ‘आपली सर्व माहिती गुप्त ठेवण्यात येईल’ असे लिहून मी मोकळी झाले. असा मसुदा पक्का करण्यापूर्वी तो दोन-चार लोकांना वाचून दाखवावा लागतो, म्हणून मी बाह्यरुग्ण विभागातील बाकावर एका आजींच्या शेजारी जाऊन बसले. आजी लालबागहून आल्या होत्या, छत्री बाकाखाली निथळत होती आणि केसपेपरांची फाइल दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्यांत गुंडाळून त्यांनी मांडीवर धरली होती. तीन पाने त्यांनी निमूटपणे ऐकली. चौथ्या पानावरील त्या वाक्यापाशी मात्र त्यांनी हात वर केला.

“गुप्त नको गं बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या सुनेला तरी कळायला हवं. आणि उद्या दुसरा डॉक्टर आला तर त्याने काय करायचं?”

डॉक्टरांना कळेल, आणि तुम्ही सांगितलेत तर सुनेलाही कळेल, असे मी समजावले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग गुप्त कसलं? तुम्ही सांभाळून ठेवणार असं लिही की सरळ.”

मी पंधरा-सोळा वर्षे भाषांतरे करून पोट भरते आणि ‘गुप्त’ व ‘गोपनीय’ यांत फरक आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु तो फरक मला कोशातल्यासारखा ठाऊक होता. आजींनी तो व्यवहारात पकडला, आणि गंमत अशी की त्यांनी सुचवलेला ‘सांभाळणे’ हाच या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ आहे.

दोन्ही शब्द ‘गुप्’ या संस्कृत धातूपासून झाले आहेत. या धातूचा ‘लपवणे’ हा अर्थ पुढचा आहे. आधीचा अर्थ राखणे, रक्षण करणे. भाषेचे अभ्यासक त्याहूनही मागे जातात. मुळात गाई राखणारा तो ‘गोपा’, त्याच्या कामावरून ‘गोपायति’ म्हणजे ‘राखतो’ हे क्रियापद, आणि त्या क्रियापदातून ‘गुप्’ हा धातू नंतर वेगळा काढला गेला. म्हणजे सरकारी लिफाफ्यावर लाल शाईने उमटणाऱ्या शिक्क्याचा पूर्वज कोठेतरी माळावर काठीला टेकून उभा असलेला गुराखी आहे. चंद्रगुप्त, विष्णुगुप्त या नावांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. चंद्राने किंवा विष्णूने राखलेला, असा त्या नावांचा अर्थ; त्यात लपवाछपवी काहीच नाही. ‘जुगुप्सा’ हा शब्दही याच घरातला आहे. स्वतःला एखाद्या गोष्टीपासून राखावेसे वाटणे, दूर ठेवावेसे वाटणे, म्हणून पुढे किळस.

फरक पडतो तो प्रत्ययाने. ‘गुप्त’ हे क्त प्रत्ययाचे रूप आहे, कृत, मृत, ज्ञात यांच्यासारखे; क्रिया होऊन गेलेली आहे, राखून झाले, झाकून झाले. ‘गोपनीय’ हे अनीयर् प्रत्ययाचे रूप आहे, वंदनीय, पूजनीय, आदरणीय यांच्यासारखे. येथे क्रिया व्हायची आहे, व्हायला हवी आहे. एखादी व्यक्ती वंदनीय आहे म्हणून तिला कोणी वंदन केलेच असेल असे नाही, आणि त्याच न्यायाने एखादा कागद गोपनीय आहे म्हणून तो कोणी राखलाच असेल असेही नाही. ‘गोपनीय’ कागद टेबलावर उघडा पडलेला असू शकतो, चहाच्या कपाखाली असू शकतो, तरी तो गोपनीयच राहतो, कारण तो शब्द कागदाची अवस्था सांगत नाही, तर कागद ज्याच्या हाती आहे त्याचे कर्तव्य सांगतो. उघडा पडलेला कागद ‘गुप्त’ मात्र क्षणभरही राहू शकत नाही.

अशीच दुसरी जोडी ‘गुह्’ या वेगळ्या, पण अर्थाने जवळच्या धातूपासून झाली आहे: लपलेले ते ‘गूढ’, लपवावे असे ते ‘गुह्य’, आणि लपण्याची जागा ती ‘गुहा’. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायाच्या नावात ‘राजगुह्य’ आहे ते याच अर्थाने. मराठीत मात्र ही जोडी विस्कटली; ‘गूढ’ म्हणजे न उलगडणारे झाले आणि ‘गुह्य’ पोथीत जाऊन बसले. ‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’ यांचे अजून तसे झालेले नाही, म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

मराठीने ‘गुप्त’ला फार लळा लावला आहे. आपल्याकडे सत्पुरुष देह ठेवतात तसे ते गुप्तही होतात. नरसिंह सरस्वती कर्दळीवनात गुप्त झाले असेच भाविक म्हणतात. प्रयागच्या संगमावरील सरस्वती गुप्त आहे. हातातल्या काठीत दडवलेले पाते म्हणजे गुप्ती. जमिनीत पुरलेले ते गुप्तधन, आणि गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकात नाव न लिहिता दिलेली देणगी ते गुप्तदान. आमच्या वाडीच्या मंडळाच्या फलकावर दरवर्षी चार-पाच गुप्तदाने असतात आणि त्यांतली निदान तीन कोणाची हे सगळ्या वाडीला माहीत असते. या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. येथे वस्तू दिसत नाही एवढेच सांगितले आहे. ती कोणी राखायची हा प्रश्न कोणी विचारत नाही. गुप्तधनाला तर राखणदार म्हणून लोकांनी नाग कल्पिला, कारण माणूस कोणी उरलेलाच नाही. कायद्याने त्यासाठी ‘निखात निधी’ असा वेगळाच शब्द घेतला. १८७८ च्या त्या अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, म्हणजे सापडल्याच्या क्षणी त्याचे गुप्तपण संपते. ‘गोपनीय धन’ असे कोणी म्हणून पाहावे. ऐकताच ते प्राप्तिकर विभागाच्या फायलीतले वाटते.

‘गोपनीय’ हा शब्द मी प्रथम पाहिला तो बाबांच्या कार्यालयात. बाबा फोर्टातील एका सरकारी कार्यालयात लघुलेखक होते आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षे साहेबांच्या गोपनीय पत्रव्यवहारावर होते. शाळेला सुटी असली की कधी कधी ते मला बरोबर नेत. त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात लाखेची तांबडी कांडी, मेणबत्तीचा तुकडा आणि पितळी मोहोर असे. पत्र घडी करून आतल्या लिफाफ्यात जाई, त्या लिफाफ्यावर ‘गोपनीय’ हा शिक्का आणि साहेबांचे नाव, मग लाख वितळवून तोंडावर थेंब आणि त्यावर मोहोर. लाखेचा तो जळकट गोड वास मला अजून आठवतो. त्यानंतर मात्र जे होई ते मला तेव्हा चमत्कारिक वाटले होते. तो सजलेला लिफाफा दुसऱ्या साध्या लिफाफ्यात घातला जाई आणि त्या बाहेरच्या लिफाफ्यावर पत्त्याखेरीज काहीही लिहिलेले नसे.

“बाहेर का नाही शिक्का मारत, बाबा?” मी विचारले होते.

“बाहेर मारला तर सगळ्यांना कळेल की आत काहीतरी आहे,” बाबा म्हणाले. “शिक्का त्याच्यासाठी आहे, ज्याने तो उघडायचा.”

आज वाटते, दोन शब्दांमधला फरक बाबांनी दोन लिफाफ्यांनी दाखवला होता. बाहेरचा लिफाफा पत्राला गुप्त करत होता, त्याचे अस्तित्वच झाकत होता. आतला लिफाफा ते गोपनीय आहे असे बजावत होता, आणि तेही ज्याला ते वाचण्याचा अधिकार आहे त्यालाच.

सरकारी वर्गीकरणात इंग्रजीतील ‘सीक्रेट’साठी ‘गुप्त’ आणि ‘कॉन्फिडेन्शियल’साठी ‘गोपनीय’ असे शब्द ठरले आहेत आणि ‘गुप्त’ ही वरची पायरी आहे. ही चढउतार शब्दांच्या व्युत्पत्तीतून येत नाही, ती कार्यालयांनी लादलेली आहे, पण सोय म्हणून चालते. खरी मौज ‘गोपनीय अहवाला’ची आहे. सरकारी नोकराच्या वर्षभराच्या कामावर वरिष्ठाने लिहिलेले शेरे म्हणजे गोपनीय अहवाल, बोलीत ‘सी.आर.’. हा अहवाल ज्याच्याविषयी असे त्यालाच तो दिसत नसे. फार तर प्रतिकूल शेरा तेवढा कळवला जाई. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अहवालातील प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, संबंधिताला कळवलीच पाहिजे. अहवाल ज्याच्याविषयी आहे त्याच्यापुरता तो गुप्त राहिला नाही, इतरांसाठी मात्र गोपनीय राहिला. राज्यात आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, पण बढती अडली की कर्मचारी अजूनही ‘साहेबांनी गोपनीय खराब केला’ असेच म्हणतो. विशेषणाचे नाम झाले, आणि मला ते आवडते.

पोलिसांच्या मराठीत हे दोन शब्द एकाच परिच्छेदात नांदतात. ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक माहिती मिळाल्याने सापळा रचण्यात आला’ हे वाक्य ज्याने वर्तमानपत्रात वाचले नाही असा मुंबईकर विरळा, आणि त्याच बातमीत खाली ‘गोपनीय माहितीच्या आधारे’ असेही असते. मुद्रितशोधक हे दोन शब्द एकसारखे करायला जातात, मीही पूर्वी जात असे, परंतु ते बरोबरच वापरलेले असतात. बातमीदार गुप्त आहे, म्हणजे तो कोण हे झाकलेले आहे. माहिती गोपनीय आहे, म्हणजे ती ज्या अधिकाऱ्याला मिळाली त्याने ती राखायची आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम १२५ नेही हेच धोरण ठेवले होते, की गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही. पोलीस ठाण्यात ‘गोपनीय’चे काम पाहणारा अंमलदार असतो, त्याला सगळी वस्ती ओळखते, नमस्कार करते, चहा पाजते. तो स्वतः अजिबात गुप्त नसतो. राज्याच्या त्या विभागाचे नाव मात्र ‘गुप्तवार्ता विभाग’ आहे आणि ते मला नेमके वाटते. वार्ता मिळते तेव्हा ती गुप्तच असते, हाती आल्यावर ती गोपनीय होते.

सर्वांत अडचणीचा प्रयोग मतदानाचा आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या निवडणुकीच्या वेळी सूचनाफलकावर ‘मतदान गोपनीय पद्धतीने होईल’ असा कागद लागला आणि मी सचिवांना म्हटले, “काका, ‘गुप्त पद्धतीने’ करा.” ते म्हणाले, “गुप्त म्हटलं की काहीतरी काळंबेरं वाटतं गं.” त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती, ‘गुप्त’ला गुप्त कट आणि गुप्त बैठका यांची संगत लागलेली आहे खरी. तरीही मतदानाला तोच शब्द योग्य आहे आणि त्याचे कारण कायद्यातच सापडते.

मी कोणाला मत दिले हे मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर चार लोकांना सांगितले तर मी कोणताही गुन्हा केलेला नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम ९४ म्हणते की कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. सांगू नये असे ते म्हणत नाही. मतदारावर तोंड बंद ठेवण्याचे बंधन नाही, म्हणून मत मतदाराच्या बाजूने गोपनीय नाही, ते व्यवस्थेने गुप्त करून दिलेले आहे. पुठ्ठ्याचा आडोसा, आणि सात सेकंद काचेमागे दिसून पेटीत पडणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी, ही सारी गुप्त करण्याची यंत्रणा. राखण्याचे कर्तव्य आहे ते दुसऱ्या बाजूला. त्याच अधिनियमाच्या कलम १२८ नुसार मतदान किंवा मतमोजणीच्या कामावरील अधिकारी, लिपिक, प्रतिनिधी यांनी ते राखायचे, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. एकच मत माझ्यासाठी गुप्त आणि खोलीतल्या अधिकाऱ्यासाठी गोपनीय असते, ही गोष्ट मला या सगळ्या शोधात सर्वांत सुंदर वाटली.

हा भेद आमदारांना एका महिन्यात दोनदा अनुभवावा लागला होता. १० जून २०२२ रोजी विधान भवनात राज्यसभेसाठी मतदान झाले. तेथे २००३ च्या दुरुस्तीपासून खुले मतदान आहे, म्हणजे आमदाराने आपली मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. भलत्याला दाखवली तर मत बाद. दहाच दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेसाठी त्याच आमदारांनी त्याच इमारतीत मत दिले ते गुप्त होते. त्या रात्री काय काय घडले ते महाराष्ट्राला पाठ आहे. राज्यसभेच्या ‘खुल्या’ मतदानाचे बारकाईने वर्णन केले तर ते खुले नसून गोपनीय आहे. एकाला दाखवायचे, इतरांपासून राखायचे. पण हे शब्द बदला असे मी कोणाला सुचवणार नाही, गोंधळ पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. एकट्याचे मत गुप्त राहते, पण मोजणी केंद्रनिहाय होते आणि तिचे आकडे प्रसिद्ध होतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतील काही मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातच मतदान केंद्रे होती. अशा ठिकाणी कोणत्या संकुलाने कोणाला कौल दिला हे आकड्यांवरून सहज वाचता येते. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली केंद्राकडे पाठवला होता. मोजणी अजून केंद्रनिहायच होते.

लोकल गाडीत या दोन शब्दांचे भांडण मी पुष्कळ वर्षे वाचत आले आहे. डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या हातभर पत्रकावर कोणा बाबाचा किंवा हकिमाचा ‘गुप्त रोगांवर खात्रीशीर इलाज’ असतो. तो रोग कोणता हे कोठेच लिहिलेले नसते, आणि ‘गुप्त’ या शब्दाचे तेथे तेच काम आहे: नाव घ्यायचे नाही. वास्तविक अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. रोगी आपला आजार लपवतो, वैद्य आपले औषध लपवतो, आणि दोघांच्या लपवण्याला मिळून ‘गुप्त’ म्हणतात. त्या रोगाला कोणी राखणदार नसतो, म्हणून तो बळावतो. सरकारी चाचणी केंद्राचे पत्रक शेजारी लागले तर त्यावर ‘तुमची माहिती गोपनीय ठेवली जाईल’ असे असते. येथे रोगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, केंद्राचा पत्ता आहे, वेळ आहे, आणि कोणीतरी शब्द देत आहे.

तो शब्द पाळायचा म्हणजे काय, हे मुंबई उच्च न्यायालयासमोर १९९७ साली एका नावापासूनच सुरू झाले. एचआयव्हीची बाधा आहे एवढ्या कारणावरून काम नाकारल्या गेलेल्या एका मजुराने दाद मागितली होती आणि ते प्रकरण ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने नोंदले गेले. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. काम करण्यास तो समर्थ असेल तर केवळ बाधेमुळे त्याला नाकारता येणार नाही. हे प्रकरण वकील आणि न्यायाधीश आजही उद्धृत करतात, निकाल जाहीर आहे, युक्तिवाद जाहीर आहेत, पण तो मजूर कोण हे कोणी सांगत नाही. न्यायालयाच्या दप्तरात कोणाला तरी ते माहीत असणारच, आणि त्याने ते राखले आहे. पुढे एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंधाच्या २०१७ च्या अधिनियमात, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, रुग्णाच्या परवानगीवाचून ही माहिती उघड करण्यास मनाई आली आणि टोपणनावाने दावा चालवण्याची सोयही लिहिली गेली. ‘गुप्त रोग’ या शब्दप्रयोगाला याहून चांगले उत्तर मराठीत मिळणे कठीण आहे.

आता माझी तक्रार. गेल्या काही वर्षांत ‘गोपनीयता’ या शब्दावर आणखी एक ओझे टाकले गेले आहे. भ्रमणध्वनीवरील प्रत्येक ॲप मराठीत आले की त्यात ‘गोपनीयता धोरण’ असते, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जो मूलभूत अधिकार मान्य केला त्याला मराठीत कोठे ‘गोपनीयतेचा अधिकार’ तर कोठे ‘खासगीपणाचा अधिकार’ म्हटले जाते. यांतला दुसरा शब्दच बरोबर आहे असे माझे मत आहे आणि ते मी भांडून मांडते. मी खिडकीचा पडदा ओढून घेते तेव्हा आत काही राखण्याजोगे, दडवण्याजोगे असते म्हणून नव्हे. आत मी भाकऱ्या थापत असेन, केसांना तेल लावत असेन. ते गोपनीय नाही, माझे आहे, एवढेच. ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हटले की लगेच समोरचा विचारतो, “लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?”, आणि तो प्रश्न विचारायची वाट आपण निवडलेल्या शब्दानेच करून दिलेली असते.

‘खासगी’ या शब्दाला आपल्याकडे मोठा इतिहासही आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ म्हणजे राज्याचा पैसा आणि ‘खासगी’ म्हणजे घराण्यातील स्त्रियांचा स्वतंत्र पैसा, असे दोन हिशेब वेगळे असत, आणि अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट आणि देवळे यांचा खर्च खासगीतून केल्याचे सांगतात. ते घाट काही लपलेले नव्हते. खासगी म्हणजे लपलेले नव्हे, खासगी म्हणजे दुसऱ्याचा ज्यावर हक्क नाही ते. ‘खाजगी’ लिहावे की ‘खासगी’ यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी तो खुशाल घालावा. मी ‘खास’वरून ‘खासगी’ लिहिते.

‘गोपनीयता’ जेथे खरोखर शोभते ती जागा म्हणजे मंत्र्यांची शपथ. ५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावर मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला तेव्हाही बातम्यांत ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’ असे एकत्र आले, परंतु राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या दोन वेगळ्या शपथा आहेत. आमदार-खासदार यांतली गोपनीयतेची शपथ घेत नाहीत, न्यायाधीशही घेत नाहीत, ती मंत्र्यांचीच. आणि त्या शपथेत एक अपवाद लिहिलेला आहे: कर्तव्य बजावण्यासाठी आवश्यक असेल तेवढे सांगता येईल. आजींच्या सुनेचा आणि दुसऱ्या डॉक्टरचा प्रश्न राज्यघटनेने असा सोडवून ठेवला आहे. शिवाय गोपनीय ठरवणे हा कोणाचा तरी निर्णय असल्यामुळे त्यावर ‘का?’ असे विचारता येते. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली झाकलेली माहितीसुद्धा लोकहिताचे पारडे जड असेल तर देता येईल, असे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा म्हणतो तो याच आधारावर. गुप्त वस्तूला ‘का’ विचारता येत नाही. ती सापडते किंवा सापडत नाही.

क्रियापदेही हेच सांगतात. आपण गुप्तता बाळगतो किंवा पाळतो, गोपनीयता राखतो; भंग होतो तो गोपनीयतेचा, कारण भंग वचनाचा होतो. गुपित फुटते, बिंग फुटते, आणि परीक्षेचा पेपर फुटतो. पेपर हा तर गोपनीयतेचा आदर्श नमुना आहे. अकराच्या ठोक्यापर्यंत त्यासाठी पोलीस बंदोबस्त, सव्वाअकराला तो रस्त्यावर भेळेचा कागद झाला तरी हरकत नाही. वृत्तवाहिन्यांनी रोजच्या रोज चालवलेला ‘गौप्यस्फोट’ मात्र मला हसवतो, कारण बहुतेक वेळा त्यात जे फुटते ते आदल्या दिवशीच सर्वांना माहीत असते. आपले पूर्वज याबाबत अधिक हिशेबी होते. दोघांचे चार कान ठीक, गोष्ट तिसऱ्याला कळली की ती षट्कर्णी झाली, असे ते मोजून सांगत.

घरात यांतला एकही शब्द कोणी वापरत नाही. तेथे ‘कुणाला सांगू नकोस हं’ पुरते. बाबा तेवढे अपवाद होते. एका मोठ्या चौकशीच्या काळात ते महिनाभर रात्री दहाला घरी येत आणि आईने विचारले की “ते गोपनीय आहे” एवढेच म्हणत. आई चिडून म्हणे, “तुमचं सगळं गुप्तच.” त्या चौकशीचे पुढे काय झाले ते वर्तमानपत्रात आले, माणसे निवृत्त झाली, काही वारली. बाबा निवृत्त होऊन सतरा वर्षे झाली तेव्हा एका संध्याकाळी गॅलरीत बसून शेंगा सोलताना आईने पुन्हा विषय काढला.

“आता तरी सांगा. त्या महिन्यात रोज रात्री काय टाइप करत होतात?”

बाबांनी शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, आणि पुष्कळ वेळाने म्हणाले, “अगं, ते अजून गोपनीयच आहे.”

“आठवतंय तरी का तुम्हाला?” आईने विचारले.

बाबा हसले आणि टरफले गोळा करायला उठले. त्यांना आठवत होते की नव्हते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.